पॅन्क्रियाजचा कॅन्सर म्हटलं तरी आधी बायोप्सीच्या कागदावरचे दोन शब्द वाचा

गोव्यात पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मनोहर पर्रीकर 17 मार्च 2019 ला पॅन्क्रियाजच्या कॅन्सरने गेले तेव्हापासून तो घराघरात माहीत झालाय आणि माहीत झालाय तो भीतीनेच. म्हणून बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये पॅन्क्रियाजच्या शेपटीकडे गाठ आणि लिव्हरवर डाग असं आलं तेव्हा आमच्या डिचोलीच्या घरात दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली, भेटायला कसली, शेवटचं बघून घ्यायला, आणि एका डॉक्टरांनी तर बायोप्सी व्हायच्या आधीच काकांना बाजूला घेऊन सहा महिने धरा असं सांगून टाकलं. त्याला आता चार वर्षं झाली. बाबा कदंबा बसचे ड्रायव्हर होते, रिटायर झाले, आणि आजही सकाळी दहा वाजता पेज जेवून माटवाखाली पेपर वाचत बसतात.

बाबांना जो निघाला त्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. पॅन्क्रियाजमध्ये दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एक पचनाचा रस बनवणाऱ्या आणि दुसऱ्या इन्सुलिनसारखे हार्मोन बनवणाऱ्या. आपण ज्याला घाबरतो तो कॅन्सर रसाच्या नळ्यांमधून उठतो, त्याला अडिनोकार्सिनोमा म्हणतात आणि 100 पैकी 90 च्या वर केसेस त्याच्या असतात. हार्मोनवाल्या पेशींमधून उठणारा फार थोड्यांना होतो आणि त्याचा चालायचा वेग, औषधं, आयुष्याचा हिशोब सगळंच निराळं असतं. तेव्हा बायोप्सीचा कागद हातात आला की इकडेतिकडे फोन करायच्या आधी त्यात दोन गोष्टी शोधा, न्यूरोएंडोक्राइन हा शब्द आहे का आणि केआय 67 च्या पुढे आकडा काय लिहिलाय. आणि बायोप्सीच झाली नसेल तर कुणाकडूनही महिने-वर्षं ऐकून घेऊ नका, कारण सांगणाऱ्यालाही तेव्हा माहीत नसतं.

केआय 67 म्हणजे गाठीतल्या 100 पेशींपैकी किती पेशी वाढायच्या तयारीत आहेत तो आकडा. 3 टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड 1, 3 ते 20 असेल तर ग्रेड 2, 20 च्या वर गेला की ग्रेड 3. बाबांचा 6 होता. पण 20 च्या वर असेल तर तिथेच थांबू नका, एक प्रश्न अजून विचारायचा असतो, की पेशी वेल डिफरन्शिएटेड आहेत की पुअरली डिफरन्शिएटेड. पेशींचं रूप अजून ओळखीचं असेल तर तो ग्रेड 3 ट्यूमर, आणि रूपच बिघडून गेलं असेल तर त्याला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा म्हणतात आणि तो फार जोरात पळतो, त्याला ताबडतोब केमो लागते. नाव जवळजवळ सारखं, आजार मात्र अगदी निराळा, आणि इथे गल्लत झाली की सगळी ट्रीटमेंट चुकते. म्हणून स्लाइड (काचेवर लावलेला बायोप्सीचा तुकडा) दुसरीकडे परत वाचून घ्या, हे माझं ठाम मत आहे. लॅबकडून नुसता रिपोर्ट घेऊ नका, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा, ते पेशंटला मिळतात, सही करून घ्यायचे आणि उन्हात गाडीत ठेवायचे नाहीत, मेण वितळतं. आम्ही ते परेलच्या टाटा मेमोरियलला नेऊन दाखवले.

(कागदावर सॉलिड स्यूडोपॅपिलरी असं काही लिहून आलं तर तो आणखी एक विरळा प्रकार, बहुतेक तरुण मुलींना होतो आणि ऑपरेशनने बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, त्याचा या लेखाशी संबंध नाही पण भीतीने कोणी वाचत असेल म्हणून सांगून ठेवते.)

दुसरी गोष्ट, गाठ हार्मोन सोडते का. बऱ्याच गाठी काही सोडत नाहीत, गप्प बसून वाढतात आणि बाबांसारख्या पोटाच्या सोनोग्राफीत अचानक सापडतात. ज्या सोडतात त्या आधी भलतंच सोंग घेतात. साखळीला माझ्या मावशीच्या शेजारी एक बाई आहेत, त्यांना पहाटे दरदरून घाम, बरळणं, माणसं न ओळखणं असं दोन वर्षं चाललं होतं, श्रावणात उपवास केला की हमखास. घरच्यांनी बाहेरचं समजून गाऱ्हाणी घातली, मग फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, शेवटी एका नर्सने त्या तशा अवस्थेत असताना ग्लुकोमीटर लावला तर शुगर 38, आणि साखरपाणी दिल्यावर दहा मिनिटांत बाई उठून बसल्या. ती इन्सुलिनोमा होती, म्हणजे इन्सुलिन सोडणारी गाठ. शुगर कमी, त्या वेळी असा त्रास, आणि साखर दिल्यावर आराम, या तिन्ही गोष्टी जुळल्या की डॉक्टर ॲडमिट करून जास्तीत जास्त 72 तास उपाशी ठेवून रक्त तपासतात (हे घरी करून बघू नका, जीव जाऊ शकतो). इन्सुलिनोमा 10 पैकी 9 वेळा साधी गाठ असते, काढली की संपलं. दुसऱ्या एका प्रकारात पोटात ॲसिड इतकं होतं की अल्सर काही केल्या बरे होत नाहीत, त्याला गॅस्ट्रिनोमा म्हणतात. आणखी एकात पाण्यासारखे जुलाब होऊन पोटॅशियम खाली जातं. एकात अंगावर चट्टे आणि डायबिटीस. घरात कोणाला वारंवार मुतखडे, कॅल्शियम वाढलेलं, पॅराथायरॉइडचं किंवा पिट्यूटरीचं ऑपरेशन असं काही झालेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण 10 पैकी एखाद्या पेशंटमध्ये हे घराण्यातून येतं.

आता स्कॅनविषयी. साधा सीटी चालत नाही, पॅन्क्रियाजसाठी ट्रायफेजिक सीटी सांगतात, म्हणजे डाय सोडल्यावर वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात, कारण या गाठी रक्ताने भरलेल्या असतात आणि पहिल्या फेरीतच उजळतात. बायोप्सी बहुतेक तोंडातून दुर्बीण घालून सोनोग्राफीने करतात. आणि मग तो स्कॅन, ज्याने आमचं सगळं बदललं, गॅलियम 68 डोटाटेट पेट स्कॅन (काही ठिकाणी डोटानॉक म्हणतात, काम तेच). या पेशींच्या अंगावर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनचे रिसेप्टर असतात, कुलपासारखे, आणि डोटाटेट ही किल्ली, जिथे कुलूप तिथे जाऊन बसते आणि फोटोत चमकते. गाठ लिव्हरपेक्षा जास्त चमकली तर पुढे त्याच किल्लीला औषध बांधून पाठवता येतं, म्हणून हा स्कॅन नुसता आजार कुठे आहे ते दाखवत नाही, कुठली ट्रीटमेंट लागू पडेल तेही सांगतो. साधा पेट स्कॅन, ज्यात ग्लुकोज वापरतात, तो हळू वाढणाऱ्या गाठीत कोरा येऊ शकतो आणि लोक खूश होतात की काही नाही म्हणून. तेव्हा स्कॅनची चिठ्ठी हातात आली की त्यावर कुठला पेट लिहिलाय ते बघा. ग्रेड जास्त असेल तर दोन्ही सांगतात.

रक्तात क्रोमोग्रॅनिन ए ही टेस्ट (या गाठी सोडतात ते प्रोटीन मोजतात) करायला सांगतील. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल असली ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर हा आकडा खोटा वाढतो. आमच्याकडे निम्मं गाव ही गोळी घेतं, बाबाही घ्यायचे, आणि पहिला आकडा बघून आई दोन रात्री झोपली नव्हती. गोळी साधारण दोन आठवडे बंद करून परत केली तर बराच खाली आला. मात्र गॅस्ट्रिनोमाचा संशय असेल तर ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, अल्सर फुटू शकतो.

किती दिवस, हा प्रश्न. मी पळवाट काढत नाही, आकडे सांगते, ते अमेरिकेतले आहेत. गाठ फक्त पॅन्क्रियाजमध्येच असेल तर पाच वर्षांनी 100 पैकी 90 च्या वर माणसं हयात असतात, जवळच्या ग्रंथींत गेली असेल तर 70 ते 75 च्या आसपास, आणि लिव्हर किंवा आणखी लांब गेली असेल तर साधारण 25 ते 30. पॅन्क्रियाजचे सगळे कॅन्सर आणि सगळ्या स्टेज एकत्र धरून हा आकडा 13 च्या आसपास आहे, नुसत्या अडिनोकार्सिनोमाचा त्याहून कमी, म्हणजे फरक बघा. शिवाय या 25-30 मध्ये केआय 67 चा आकडा 2 असलेला आणि 40 असलेला एकाच पोत्यात भरलेत, आणि पाच वर्षं मागची मोजणी म्हणजे नवीन औषधं निघायच्या आधी आजार झालेली माणसंही त्यात आली. ग्रेड 1-2 वाले लिव्हरवर डाग असूनही कितीतरी वर्षं काढतात. कार्सिनोमा प्रकाराचं मात्र खरं सांगायला हवं, तो पसरलेला असेल तर बहुतेक वेळा वर्षभराच्या आसपासच गोष्ट असते, आणि तिथे घरच्यांनी खोटी आशा देत बसण्यापेक्षा दुखणं कमी करणारे पॅलिएटिव्हचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावेत.

स्टीव्ह जॉब्सला हाच न्यूरोएंडोक्राइन प्रकार होता. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये कळलं, ऑपरेशन होणारं होतं, पण त्याने पथ्य आणि इतर उपाय करत जवळजवळ नऊ महिने घालवले आणि 2004 च्या जुलैत केलं. तो 2011 पर्यंत जगला. लवकर केलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येणार नाही, पण आमच्याकडेही कोणी पाला सांगितला, कोणी काढा, कोणी कर्नाटकातला वैद्य. आईने देवळात प्रसाद लावला, देवाने उजवा कौल दिला, बरं वाटलं, मलाही वाटलं. माझं एवढंच म्हणणं की प्रसाद लावा, नारळ ठेवा, पण डॉक्टरांची तारीख त्याच्यासाठी पुढे ढकलू नका. आणि काढा तर नकोच, लिव्हरवर आधीच डाग असतात.

ट्रीटमेंटमध्ये सगळ्यात आधी विचारायचं ते ऑपरेशन. गाठ काढता येण्यासारखी असेल तर त्याच्याएवढं चांगलं दुसरं काही नाही. डोक्याकडे असेल तर व्हिपल, मोठं ऑपरेशन आहे, ते जिथे वर्षाला भरपूर होतात तिथेच करा, हा हट्ट धरा. शेपटीकडे असेल तर तेवढा तुकडा काढतात, कधी कधी प्लीहाही जाते, आणि प्लीहा जाणार असेल तर न्यूमोकोकल, मेनिंजोकोकल आणि हिब या लसी शक्यतो दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात, हे खूपदा राहून जातं, तुम्ही स्वतः आठवण करा. उलट गाठ 2 सेंटीमीटरच्या आत, ग्रेड 1, हार्मोन न सोडणारी असेल तर नुसतं सहा महिन्यांनी-वर्षाने स्कॅन करत लक्ष ठेवायलाही सांगतात, त्याचा अर्थ डॉक्टर टाळतायत असा नाही.

बाबांचं ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, लिव्हरवर दोन्हीकडे डाग होते. त्यांना ऑक्ट्रिओटाइडचं लाँग ॲक्टिंग इंजेक्शन सुरू झालं, दर 28 दिवसांनी कुल्ल्यात. दुसरं लॅनरिओटाइड, 120 मिलिग्रॅम, तेही 28 दिवसांनी. ही इंजेक्शनं गाठ विरघळवत नाहीत, थोपवून धरतात, आणि हे आधी समजून घेतलं नाही तर पहिल्या स्कॅनला लोक निराश होतात. केआय 67 चा आकडा 10 च्या खाली असलेल्या पेशंटांवर लॅनरिओटाइडचा अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला, त्यात दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी 65 टक्क्यांचा आजार तिथल्या तिथे होता, न घेणाऱ्यांपैकी 33 टक्क्यांचा. तेव्हा स्टेबल हा शब्द रिपोर्टवर आला की तो चांगला निकाल आहे, आम्ही त्या दिवशी गोड केलं होतं. इंजेक्शन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीत लागतं, फार्मसीतून आणताना आइसपॅकची पिशवी न्या, पावसात आमच्याकडे लाइट जाते म्हणून मी ते आधी आणून ठेवतच नाही, ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी आणते. टोचणाऱ्या सिस्टरला आधीच सांगा की ऑक्ट्रिओटाइडची पावडर मिसळल्या मिसळल्या लगेच द्यायचं असतं, थांबलं तर सुई तुंबते. पहिले काही दिवस पोटात गुडगुड, पातळ शौच होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, शुगर वरखाली होते, त्यामुळे शुगर तपासत राहा.

दीड वर्षाने लिव्हरवरचे दोन डाग वाढले. तेव्हा ती किल्ली कामाला आली, पीआरआरटी, म्हणजे डोटाटेटला ल्युटेशियम 177 हा किरणोत्सारी पदार्थ बांधून सलाइनमधून सोडतात, तो गाठीत जाऊन आतून मारा करतो. ठरलेले चार डोस, दर आठ आठवड्यांनी, प्रत्येकी 200 मिलिक्युरी, आणि त्याबरोबर किडनी सांभाळण्यासाठी अमिनो ॲसिडचं सलाइन तासन्‌तास चालतं, त्यानेच जास्त मळमळतं. हे ल्युटेशियम आपल्याच ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनतं, आणि मुंबईत परेललाच रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे जिथे ही ट्रीटमेंट होते. 2024 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, ग्रेड 2 च्या वरच्या टोकाच्या आणि ग्रेड 3 च्या पेशंटांना हे पहिल्यापासूनच दिलं तर आजार सरासरी 22.8 महिने थांबला, नुसत्या जास्त डोसच्या इंजेक्शनवर 8.5 महिने. महिन्याचं इंजेक्शन आणि पीआरआरटी यांच्यामध्ये चारेक आठवड्यांचं अंतर लागतं, तारखा तशा जुळवा. घरी आल्यावर काही दिवस बाबा वेगळ्या खोलीत, बसून लघवी, दोनदा फ्लश, कपडे वेगळे, आणि माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा, तो दारात उभा राहून आजोबांना हाका मारायचा आणि बाबा म्हणायचे, "बाय, त्याला आत धर गो, मला बघवत नाही." गरोदर बाई घरात असेल तर तिला माहेरी पाठवा किंवा पेशंटची दुसरी सोय करा. रक्तपेशी आणि किडनीच्या टेस्ट प्रत्येक डोसच्या आधी होतात, त्या चुकवू नका.

गोळ्यांचेही पर्याय आहेत. एव्हरोलिमस रोज 10 मिलिग्रॅम, तोंड येतं, शुगर वाढते, खोकला-दम लागला तर लगेच कळवायचं. सुनिटिनिब, त्यात बीपीवर लक्ष. गाठ आकाराने कमी करायची असेल तर कॅपेसिटाबिन 14 दिवस आणि त्यातल्या शेवटच्या 5 दिवसांत टेमोझोलोमाइड, असं 28 दिवसांचं चक्र, घरी बसून घ्यायची केमो. लिव्हरमधल्या डागांची रक्तवाहिनी बंद करून तिथेच औषध सोडतात तेही होतं. आणि कार्सिनोमा प्रकाराला सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन बरोबर इटोपोसाइड, तिथे उशीर नको. कुठलं आधी कुठलं नंतर याचं एकच ठरलेलं उत्तर नसतं, म्हणून केस ट्यूमर बोर्डात ठेवा असं सरळ म्हणा, सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनवाले एकत्र बसून बघतात.

जेवणाचं कोणी नीट सांगत नाही. पॅन्क्रियाजचा भाग गेला किंवा ही इंजेक्शनं चालू असली की तूप-तेल पचत नाही, शौच तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी होते आणि माणूस खाऊनही वाळत जातो. घरचे म्हणतात कॅन्सर वाढला. बऱ्याचदा फक्त एन्झाइमची कमी असते, पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल मिळतात, 25,000 युनिट वगैरे, त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, जेवून झाल्यावर नाही, आणि मोठं जेवण असेल तर डॉक्टरांना विचारून एक मध्ये. बाबा आधी जेवणानंतर घ्यायचे, काही उपयोग नव्हता. नारळाच्या रसाचं हुमण पूर्ण बंद करू नका, माणसाला जेवणाची आशा राहिली पाहिजे, रस पातळ करा, बांगडा-तारलीऐवजी लेपो, मुड्डोशी, थोडं थोडं सहा वेळा. चवथीला बाबांनी नेवरी खाल्लीच, एक कॅप्सूल जास्त घेऊन.

पैसा आणि जाणंयेणं. आधी बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, केस पेपर काढा, मुंबईला जायचं असलं तरी, कारण सरकारी मदतीचे कागद तिथूनच हलतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर 4 लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमची ट्रीटमेंट तिच्या यादीत आहे का ते ॲडमिट व्हायच्या आधी विचारा. जे इथे होत नाही त्यासाठी गोवा सरकारची मेडिक्लेम वेगळी आहे, तिला रहिवासी दाखला लागतो, मामलेदाराकडे वेळ जातो म्हणून बायोप्सीच्या आठवड्यातच अर्ज टाका. मंजुरीच्या आधी पैसे भरले की परत मिळवायला फार त्रास होतो, आमचे एकदा अडकले. कोकणकन्या रात्रीची, थिवीला बसून सकाळी दादर, तिथून परेल जवळ. कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंटला जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण तिकीट माफ असतं, सोबत्याला 75 टक्के, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या. टाटात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन प्रकार असतात, पहिल्याच दिवशी विचारून ठरवा.

फाइल एकच ठेवा, कागद तारखेने लावा, आणि स्कॅनच्या सीडी टाकून देऊ नका, रिपोर्टपेक्षा त्या जास्त बघतात. शक्य तेवढे स्कॅन एकाच ठिकाणी करा, वेगळ्या मशीनवर दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी घरात रडारड होते. फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, पॅन्क्रियाज न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड 2, केआय 67 6 टक्के, डोटाटेट पॉझिटिव्ह, शेवटचं इंजेक्शन अमुक तारखेला. रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत नेलं तर तिथला डॉक्टर नवीन असतो, त्याच्यासमोर आधी ते पान धरा.